‘नाही सापडलं’ या उत्तराचं वजन

गेल्या महिन्यात पुण्यात लघुउद्योजकांच्या एका बैठकीला गेलो होतो. पेटंट आणि ट्रेडमार्कचा शोध, म्हणजे आपली कल्पना किंवा नाव आधीच कुणाचं आहे का हे बघण्याचं काम, एआय एजंटकडून (सांगितलेलं काम स्वतःच पायरीपायरीनं करणाऱ्या संगणकातल्या मदतनिसाकडून) करून घ्यावं का, यावर तिथं तासभर वाद झाला. एक गट सांगत होता की आता वकिलाला आणि पेटंट एजंटला पैसे मोजायची गरजच उरली नाही, संगणकाला मराठीत सांगा आणि चहा होईपर्यंत अहवाल घ्या. दुसरा गट सांगत होता की ही यंत्रं नसलेले निकाल आणि नसलेली पेटंटं रचून देतात, त्यांच्या नादी लागाल तर बुडाल. दोन्हीकडची माणसं शहाणी, धंद्यात मुरलेली. पण तासाभरात एकानंही विचारलं नाही की शोध नक्की कशासाठी करायचा आणि त्यातून कोणत्या प्रकारची उत्तरं येतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ही साधनं वापरावीत, लहान माणसानं तर जरूर वापरावीत. पण त्यांच्याकडून येणाऱ्या दोन उत्तरांना एकाच तराजूत घालू नये. ‘हे आधीच झालेलं आहे, हा बघा दस्तऐवज’ हे पहिलं उत्तर. ते तपासता येतं. दस्तऐवज उघडायचा, तारीख बघायची, परिच्छेद वाचायचा. खरं असेल तर खरं, खोटं असेल तर पाच मिनिटांत उघडं पडतं. ‘असं काही सापडलं नाही’ हे दुसरं उत्तर. ते तपासायला हातात काहीच नसतं. पहिल्या उत्तरासाठी या यंत्रासारखा मदतनीस आजवर झाला नाही. दुसऱ्या उत्तराच्या भरवशावर कुणी कर्ज काढून साचे पाडले किंवा दहा हजार खोकी छापून घेतली, तर त्याची झोप उडणार आहे. त्या बैठकीतला सगळा वाद खरं तर या एका फरकावर व्हायला हवा होता.

मी पेटंट एजंट नाही. शेतीची अवजारं बनवणाऱ्या लहान कारखानदारांबरोबर माझं काम चालतं, त्यामुळे त्यांचे अर्ज जवळून बघायला मिळतात. गेल्या वर्षी शिरोळ तालुक्यातल्या एका तरुण अभियंत्यानं उसाच्या बेण्यातून डोळा काढण्याचं यंत्र तयार केलं. अख्खी कांडी जमिनीत लावण्याऐवजी डोळ्याभोवतीचा थोडा भाग कापून घ्यायचा आणि ट्रेमध्ये कोकोपीटवर रोप तयार करायचं, ही पद्धत आता त्या भागातल्या रोपवाटिकांत सर्रास आहे. याच्या यंत्रात पातं गोल होतं आणि त्यामागं स्प्रिंगचा ताण होता, त्यामुळे कांडी जाड असो की बारीक, कापाची खोली सारखी राहायची आणि डोळा दुखावत नव्हता. पोरगा महिनोन् महिने खपला होता. आम्ही त्याच्याच वर्कशॉपमध्ये बसून एआय एजंटला यंत्राचं वर्णन दिलं.

त्यानं काय केलं ते सांगण्यासारखं आहे. आधी वर्णनाचे पाच तुकडे पाडले: कांडी धरणारी खाच, गोल पातं, पायानं द्यायचा दाब, पात्यामागची स्प्रिंग आणि कापलेला डोळा खाली पडायची वाट. प्रत्येक तुकड्यासाठी निरनिराळे शब्द जुळवले, आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातल्या शेतीच्या वर्गातले संकेतांक घेतले आणि एकामागून एक पेटंटची ऑनलाइन भांडारं चाळायला लागलं. पहिल्या फेरीत फसलं. इंग्रजीत उसाच्या डोळ्याला आणि कळीला एकच शब्द, त्यामुळे गुलाबाला डोळा भरायचे चाकू आणि फुलांच्या कळ्या खुडायची यंत्रं समोर आली. दुसऱ्या फेरीत चूक त्याच्याच लक्षात आली आणि त्यानं शब्द बदलले. तिसऱ्या फेरीत ब्राझील आणि चीनमधले दस्तऐवज आले, चिनी मजकुराचं भाषांतर आलं आणि शेवटी एक तक्ता आला. आडव्या रांगेत आमचे पाच तुकडे, उभ्या रांगेत दस्तऐवज, आणि जिथं जुळतं तिथं परिच्छेदाचा क्रमांक. एका चिनी दस्तऐवजात पाचपैकी चार तुकडे होते. आम्ही तो उघडला, आकृत्या बघितल्या. खरंच होते.

पोरगा पाच मिनिटं गप्प बसला. तासाभरात त्याला कळलं होतं की आपलं म्हणून जे आपण कवटाळून बसलोय त्यातलं बहुतेक दुसऱ्या देशात कुणीतरी आधीच केलेलं आहे. हे ज्ञान फार मोलाचं आहे. पूर्वी ते त्याला कधी मिळालं असतं? अर्ज करून, तपासणीची विनंती भरून, वर्षं काढून, मग पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाच्या अहवालातून. व्यक्तीला ऑनलाइन पेटंट अर्जाचं सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे, तपासणीच्या विनंतीचं ४,००० रुपये. म्हणजे सरकारी दार त्याच्यासाठी बंद नव्हतं. बंद होतं ते चांगल्या शोधाचं दार, कारण तेवढा खर्च करायची त्याची ऐपत नव्हती. हे ज्यांना क्षुल्लक वाटतं त्यांनी एमआयडीसीतल्या चार माणसांच्या वर्कशॉपचा महिन्याचा हिशेब एकदा बघावा.

पण त्याच तक्त्यात स्प्रिंगच्या रकान्यासमोर लिहिलं होतं की या वैशिष्ट्याचा पूर्वीचा दाखला आढळला नाही. ते वाचून पोरगा उठून उभा राहिला. म्हणाला, दादा, मग स्प्रिंगवरच अर्ज टाकू, उद्याच. मी त्याला थांबवलं. का थांबवलं ते सांगण्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

आधी विरोधी बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. ही यंत्रं दाखले रचतात, हा आरोप खरा आहे. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात माटा विरुद्ध एव्हियांका या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल दाखल केले आणि ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर क्रिस्तियाँ लुबुताँ या पादत्राणांच्या कंपनीचा दावा होता. आपल्या बुटांची शैली प्रसिद्ध आहे हे दाखवायला कंपनीनं चॅटजीपीटीची उत्तरं जोडली होती. न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की अशा साधनाचं उत्तर निवाड्याचा आधार होऊ शकत नाही, फार तर प्राथमिक समज किंवा प्राथमिक संशोधन यापुरता त्याचा उपयोग आहे. मला तर याहून वाईट प्रकारही ठाऊक आहे. पेटंटचा क्रमांक खरा असतो, कंपनी खरी असते, तारीख खरी असते, आणि यंत्र म्हणतं तसा परिच्छेद त्या दस्तऐवजात नसतोच.

हे सगळं मान्य. पण हे सगळे खोटे दाखले ‘सापडलं’ या उत्तरातले आहेत, हे लक्षात घ्या. न्यूयॉर्कचे वकील फसले ते निकाल उघडून बघितला नाही म्हणून. भांडारात जाऊन दस्तऐवज आणणारा एजंट असेल तर त्याचा दुवा समोर असतो, दुव्यावर बोट ठेवायचं आणि वाचायचं. म्हणजे विरोधी गट ज्या चुकीला सर्वांत जास्त घाबरतो, ती पकडायला सर्वांत सोपी. जी चूक पकडता येत नाही, तिच्याबद्दल दोन्ही गट गप्प.

आणि माणसानं केलेला शोध तरी कुठं निर्दोष होता? मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं हळदीनं जखम भरून आणण्याच्या उपयोगावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट दिलं. तिथं एआय नव्हतं. शिकलेला, नेमलेला, पगारी परीक्षक होता, त्यानं शोध घेतला, त्याला काही सापडलं नाही, आणि त्यानं पेटंट मंजूर केलं. आपल्याकडे बोट कापलं तर विळी बाजूला ठेवून आई आधी हळदीच्या डब्याकडे धावते, हे त्या परीक्षकाच्या कपाटात कुठंच नोंदलेलं नव्हतं. ‘नाही सापडलं’ या उत्तराचा तो धोका तेव्हाही तेवढाच होता.

पुढचं आपल्याला अभिमानानं ठाऊक आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. संस्थेनं १९९६ मध्ये आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये पेटंटमधले दावे, म्हणजे ज्यावर हक्क मागितला होता ते मुद्दे, फेटाळले गेले. पण ते कशाच्या जोरावर जिंकलं, याकडे आपण पुरेसं लक्ष देत नाही. आजीबाईंच्या साक्षीवर ते जिंकता येत नव्हतं. अमेरिकेचा तेव्हाचा कायदा परदेशातला वापर मानत नव्हता; परदेशातलं काही दाखवायचं तर ते छापील हवं किंवा पेटंट झालेलं हवं. (ती अट २०१३ मध्ये अमलात आलेल्या सुधारणेनं गेली.) म्हणून सीएसआयआरनं ३२ संदर्भ गोळा केले. त्यात संस्कृत ग्रंथ होते, उर्दू आणि हिंदी मजकूर होता आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा एक लेख होता. कल्पना करा, हे काम माणसांनी हातानं, ग्रंथालयाच्या कपाटांतून, पानं उलटून केलं. आज त्याच कामाला एक चांगला एजंट लावला तर पहिल्या दिवशी १९५३ चा तो लेख टेबलावर येईल, अर्थात तो कुणी स्कॅन करून ठेवला असेल तरच. त्या लढाईतून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं, आणि त्याचा मुख्य उपयोग हाच की परदेशातल्या परीक्षकानं ‘सापडलं’ असं म्हणावं.

आता कडुनिंब. युरोपच्या पेटंट कार्यालयानं अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीला निंबोळीच्या तेलानं पिकांवरची बुरशी रोखण्याच्या पद्धतीवर पेटंट दिलं होतं. पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा आणि त्यांच्या सोबतच्या संघटनांनी विरोध केला, २००० मध्ये पेटंट रद्द झालं आणि मार्च २००५ मध्ये अपिलातही तो निर्णय टिकला. २००० च्या सुनावणीत मोठं वजन पडलं ते एका भारतीय कारखानदाराच्या साक्षीचं. तो उभा राहिला आणि म्हणाला, मी हे तेल अशाच प्रकारे आधीपासून काढत आलोय. युरोपचा कायदा लेखी, तोंडी, वापरातलं, कुठल्याही मार्गानं लोकांपुढं आलेलं सगळं मोजतो, म्हणून ती साक्ष चालली. त्या माणसाचा कारखाना कुठल्या भांडारात होता? आजचा सर्वांत हुशार एजंट तेव्हा असता आणि त्यानं जगातली सगळी पेटंटं वाचली असती, तरी त्या कारखान्यातल्या वापराबद्दल त्याचं उत्तर ‘नाही सापडलं’ हेच आलं असतं, आणि ते उत्तर चुकीचं असतं.

आपला कायदा या बाबतीत उदार आहे. पेटंट अर्ज प्रसिद्ध झाल्यावर आणि मंजूर होण्याआधी कुणीही विरोध दाखल करू शकतो. त्यासाठी प्रतिस्पर्धी असावं लागत नाही. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम २५ मध्ये विरोधाची जी कारणं दिली आहेत त्यात भारतातला आधीचा सार्वजनिक वापर आहे, आणि स्थानिक समाजात उपलब्ध असलेलं, तोंडी का असेना, ज्ञानही आहे. म्हणजे गावच्या लोहारानं केलेलं, शेतकऱ्यानं वर्षानुवर्षं वापरलेलं कायद्याला चालतं. पण ते भांडारात नसतं. मराठीत तर फारच कमी असतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या जुन्या कृषी दर्शनी, पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राच्या घडीपत्रिका, साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल, शेतकरी मेळाव्यातली माहितीपत्रकं यांत केवढी यंत्रं आणि केवढ्या पद्धती नोंदल्या गेल्या असतील. त्यातलं किती एजंटला वाचता येईल अशा रूपात आहे? ज्या भाषेतलं ज्ञान यंत्रासमोर नाही, त्या भाषेच्या माणसाला ‘नाही सापडलं’ या उत्तराचा फटका दुप्पट बसतो. त्याला स्वतःला चुकीचा दिलासा मिळतो, आणि त्याचंच ज्ञान दुसऱ्यानं उचललं तर त्या उचलणाऱ्यालाही मोकळं रान मिळतं.

इतिहासातला एक धडा मला इथं नेहमी आठवतो. इंग्लंडमध्ये १६१७ ते १८५२ या काळात १४,३५९ पेटंटं दिली गेली, आणि विषयवार सूची नव्हती. बेनेट वुडक्रॉफ्ट या अभियंत्यानं बसून त्या सगळ्यांच्या सूची केल्या: कालक्रमानं, नावानुसार, विषयानुसार. त्या काळातलं ते क्रांतिकारक शोधयंत्रच म्हणायचं. मग पेटंट एजंटांचं काम संपलं का? १८८२ मध्ये त्यांनी आपली संस्था स्थापन केली, १८९१ मध्ये तिला राजसनद मिळाली. शोध सोपा झाल्यावर लोक जास्त शोधायला लागले, आणि सापडलेल्याचा अर्थ लावणाऱ्या माणसाची गरज वाढली. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. १९०५ पासून ब्रिटिश कार्यालय अर्जाच्या नवेपणाचा शोध स्वतः घेऊ लागलं, तेव्हा कायद्यानं त्या शोधाची हद्द आखून दिली: मागच्या ५० वर्षांतली ब्रिटिश पेटंटं. बस्स. परदेशातलं नाही, पुस्तकांतलं नाही. हद्द तोकडी होती, पण सगळ्यांना माहीत होती. ‘काही आढळलं नाही’ असं कार्यालय म्हणालं तर ऐकणाऱ्याला कळायचं की कुठं आढळलं नाही. आजच्या एआय एजंटच्या अहवालात बहुतेकदा हीच ओळ नसते. कोणती भांडारं बघितली, कोणत्या भाषांत, कोणते शब्द घालून, कोणत्या तारखेपर्यंतचं, हे न सांगता तो एक स्वच्छ, आत्मविश्वासानं भरलेलं वाक्य देतो, आणि घाईत असलेला माणूस त्यावर सही करतो.

शिवाय एक भोक असं आहे की ते कुणालाच बुजवता येत नाही. पेटंट अर्ज साधारणपणे दाखल झाल्यापासून १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतात. म्हणजे आज शोध घेतला तर गेल्या दीड वर्षात कुणी काय दाखल केलं हे यंत्रालाही दिसत नाही, माणसालाही दिसत नाही. पंधरा हजार रुपये घेणाऱ्या तज्ज्ञाच्या अहवालातही हे भोक असतं. फरक इतकाच की चांगला तज्ज्ञ ते तुम्हाला बसवून सांगतो.

ट्रेडमार्कमध्ये ‘नाही सापडलं’ हे उत्तर आणखी फसवं आहे, कारण तिथं प्रश्न अक्षरांपेक्षा गिऱ्हाइकाच्या कानाचा आणि आठवणीचा असतो. सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ चा अमृतधारा निकाल बघा. एका बाजूला ‘अमृतधारा’ हे औषध, दुसऱ्या बाजूला ‘लक्ष्मणधारा’. उच्च न्यायालयाला वाटलं होतं की अर्थ वेगळे आहेत, अमृताची धार आणि लक्ष्मणाची धार, मग घोटाळा कसला? सर्वोच्च न्यायालय म्हणालं की साधा गिऱ्हाईक दुकानात उभा राहून शब्दाची फोड करत नाही, व्युत्पत्ती बघत नाही. त्याच्या मनात एक पुसट आठवण असते आणि नावाचा एकंदर ठसा सारखा असला की तो फसतो. २००१ मध्ये फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या मलेरियावरच्या औषधांच्या वादात न्यायालयानं याच वाटेनं पुढं जाऊन सांगितलं की जिथं सगळ्यांची एक भाषा नाही अशा देशात औषधांच्या नावांबाबत जास्तच काळजी घ्यायला हवी.

आता समजा, साताऱ्यातला एक बचत गट ‘माउली’ नावानं मसाला काढतोय. ट्रेडमार्कसाठी मालाचे जे वर्ग पाडलेत त्यात मसाला आणि पापड ३० व्या वर्गात, लोणचं २९ व्या. एजंटनं रोमनमध्ये एका स्पेलिंगनं शोधलं तर त्याला काय दिसेल? माउली आणि माऊली ही आपलीच दोन शुद्धलेखनं, रोमनमध्ये त्याची चार-पाच रूपं, वर ‘श्री माउली’, ‘ज्ञानमाउली’, आणि नुसतं विठ्ठलाचं चित्र असलेल्या खुणा, ज्यात शब्दच नाही. चांगला एजंट यातलं बरंच पकडतो, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या ट्रेडमार्क कार्यालयानंही एआयवर चालणारा शोध सुरू केला, हे चांगलंच झालं. पण कराडच्या बाजारपेठेत तीस वर्षं ‘माउली’ नावानं मसाला विकणारं आणि कधीच नोंदणी न केलेलं दुकान कुठल्या भांडारात आहे? कायदा त्या दुकानाच्या बाजूनं आहे. तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं की आधी वापरणाऱ्याचा हक्क नोंदणी करणाऱ्याच्या हक्काहून वरचढ. म्हणजे साताऱ्याच्या बायकांनी ४,५०० रुपये भरून, नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावूनही कराडचं ते दुकान त्यांना रोखू शकतं. त्यांच्या अहवालात मात्र ‘अडथळा नाही’ असं लिहिलेलं असेल. एकदा कराडला जाऊन बाजारात फिरण्याला पर्याय नाही, आणि हे एजंटनं स्वतःहून सांगायला हवं.

याउलट ‘सापडलं’ या उत्तराचा मोठा उपयोग इथंच आहे. नवे अर्ज प्रसिद्ध करणारं ट्रेडमार्क कार्यालयाचं नियतकालिक दर सोमवारी निघतं, पेटंटचं दर शुक्रवारी. एखादं नाव प्रसिद्ध झाल्यावर विरोध करायला चार महिने मिळतात. किती बचत गट, किती लोणच्याचे कारखानदार दर सोमवारी हजारो नावं चाळत बसतील? कुणीच नाही, म्हणून त्यांची नावं दुसऱ्यांच्या खिशात जातात आणि त्यांना कळतं तेव्हा नोटीस आलेली असते. हे राखणीचं काम एजंटला द्या. दर सोमवारी त्यानं सगळी यादी वाचावी आणि मिळतंजुळतं दिसलं की कळवावं. दहापैकी नऊ वेळा चुकीचा इशारा दिला तरी चालेल, कारण तो तपासायला दोन मिनिटं लागतात. तेच काम उसाच्या, कापसाच्या, हळदीच्या शेतकरी संघटनांनी दर शुक्रवारी करावं. बड्या कंपन्या पगारी माणसं ठेवून ही राखण करत आल्या आहेत. लहान माणसाला ती पहिल्यांदाच परवडतेय, आणि त्या बैठकीत या उपयोगावर कुणी एक शब्दही बोललं नाही याचं मला खरोखर वाईट वाटलं.

विरोधकांच्या आणखी दोन मुद्द्यांना उत्तर द्यायला हवं. एक, गुप्तता. अर्जाआधी कल्पना उघड झाली तर तिचं नवेपण जाऊ शकतं, म्हणून तिचं पूर्ण वर्णन कुठल्याही फुकटच्या चॅट खिडकीत टाकणं हा वेडेपणा आहे. हा आक्षेप बरोबर आहे आणि त्यावर मी वाद घालणार नाही. माहिती कुठं साठते, प्रशिक्षणासाठी वापरतात का, हे लेखी ठरल्याशिवाय वर्णन देऊ नये. आमच्या अभियंत्यालाही मी वर्णन मोघम भाषेतच द्यायला लावलं होतं. दुसरा मुद्दा जबाबदारीचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. कायद्यात ‘पेटंट एजंट’ या शब्दाला अर्थ आहे: परीक्षा दिलेला, नोंदवहीत नाव असलेला, चुकला तर नाव काढलं जाऊ शकतं असा माणूस. संगणकातल्या एजंटनं तो शब्द घेतला, जबाबदारी घेतली नाही. पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? यंत्र वापरू नका, असा नाही. ज्या उत्तराची जबाबदारी कुणीतरी घ्यायलाच हवी, म्हणजे ‘नाही सापडलं, पुढं जा’, त्याच्याखाली माणसाची सही हवी, आणि ती सही करणाऱ्यानं शोधाची हद्द लेखी द्यावी. जो तज्ज्ञ आता यंत्राचाच अहवाल आपल्या लेटरहेडवर चिकटवून जुनेच पैसे घेतो, त्यालाही हे लागू आहे.

तर शिरोळच्या त्या स्प्रिंगचं काय झालं? आम्ही मराठी शब्द घालून पुन्हा शोधलं, काही आलं नाही. मग दोन शनिवार मोटारसायकलवरून रोपवाटिका हिंडलो. तिसऱ्या की चौथ्या रोपवाटिकेत एका बाईनं कोपऱ्यातलं गंजलेलं यंत्र दाखवलं. पातं सपाट होतं, पण मागं स्प्रिंग होती, मोटारसायकलच्या स्टँडची. बनवणारा फॅब्रिकेटर जयसिंगपूरला राहतो, असं ती म्हणाली. साठीचा माणूस, सातवीपर्यंत शिकलेला. त्यानं लोखंडी पेटीतून जुनं बिलबुक काढलं. कार्बनची निळी प्रत, तारीख २०१४ ची, आणि खाली त्याच्या अक्षरात लिहिलेलं: ‘डोळा मशीन स्प्रिंगवाली, नग २’.

अभियंत्यानं स्प्रिंगचा दावा सोडून दिला. त्याच्या यंत्रात ताण कमीजास्त करायचा एक स्क्रू आणि खोलीला अडवणारी एक कडी होती, ती ना चिनी दस्तऐवजात होती ना जयसिंगपूरच्या यंत्रात. दावा तेवढ्यापुरता लिहिला, एका नोंदणीकृत एजंटकडून तपासून घेतला आणि वर्णनात स्प्रिंगचा वापर त्या भागात आधीपासून आहे हेही लिहिलं. अर्ज गेला त्या आठवड्यात आम्ही फॅब्रिकेटरला सांगायला गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे आता मी माझी मशीन बनवायची बंद करायची का?’ मी म्हटलं, नाही, काका, तुमची मशीन तुम्ही बनवत राहा, त्यात याचा स्क्रूही नाही आणि कडीही नाही. आणि ते बिलबुक रद्दीत देऊ नका.